दगडाच्या कापसाचा मिस्त्री

कडुबामामा सकाळी सात-सव्वासातला आमच्या दोन घरांमधल्या भिंतीपाशी येत आणि आदल्या रात्री पडलेलं स्वप्न सांगत. पेपरातली पावसापाण्याची बातमी वाचून दाखवावी, तशी त्यांची सांगण्याची रीत होती.

"काल भोकरदनला गेल्तो, भाचेसाहेब. वावरात गुडघाभर पाणी उभं होतं. अन् त्या पाण्यात ढग चरून राह्यले होते. सहा-सात होते."

एवढं बोलून ते दात घासायला वळत. त्याचा अर्थ काय, शुभ की अशुभ, असलं काही ते विचारत नसत. पाहिलं ते सांगितलं, विषय संपला.

मला स्वप्नं लक्षात राहत नाहीत. मी एका बियाणे कंपनीच्या तपासणी खोलीत काम करतो. चारशे दाणे ओल्या कागदात मांडायचे, ठरलेल्या दिवशी उघडायचे, किती उगवले ते मोजून लिहायचं. सव्वीस वर्षं हेच केलं. त्यामुळे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. पण मामांची स्वप्नं मात्र मी टूथब्रश तोंडात धरून ऐकत असे. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या बाजूला आमचा एकवीस वर्षं शेजार होता. ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझी आजी भोकरदनकडची, तेवढ्या धाग्यावर त्यांनी मला भाचा केलं होतं, आणि मी सदरा खोचून कामाला जातो म्हणून पुढे 'साहेब' जोडलं होतं.

मामा औद्योगिक वसाहतीतल्या एका सळयांच्या कारखान्यात मिस्त्री होते. भट्टी दुरुस्त करायची, तिचं दार बंद झालं की फटीतून आग बाहेर येणार नाही असं बसवायचं, गरम नळ्यांना वेष्टण गुंडाळायचं, हे त्यांचं काम. बुटके, रुंद हाडाचे, भुवया जळून विरळ झालेल्या. उष्णता त्यांना आपल्यासारखी नुसती जाणवत नसे, ती त्यांना वाचता येई. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणत, "पाच मिनिटं झाली गाळून." विचारून पाहावं तर बरोबर तेवढीच झालेली असत.

एकदा ते काही कामाने आमच्या कंपनीत आले. दाणे उगवायला ठेवतो ते कपाट मी त्यांना कौतुकानं दाखवलं. काट्यावर पंचवीस अंश होते. मामांनी दार उघडून हात आत घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दोन जास्ती हाये."

"मामा, यंत्र आहे ते."

"यंत्र हाये म्हणून तर चुकतंय. दाण्याला इचारा."

मी रागानंच दुसरा तापमापक आणून ठेवला. अर्ध्या तासानं पाहिलं तर साडेसव्वीस. मी त्यांना सांगितलं, "दोन नाही, दीड निघाला." यावर मामा इतके हसले की आमच्या खोलीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. पुढं कित्येक वर्षं माझी ओळख करून देताना ते सांगत, "हे आमचे भाचेसाहेब. अर्ध्या अंशासाठी मामाशी भांडतात."

त्यांच्या आवडीचा विषय एकच होता, दगडाचा कापूस. अ‍ॅस्बेस्टॉसला त्यांनी दिलेलं ते नाव. भट्टीच्या दाराला भरायची दोरी, नळ्यांना गुंडाळायचं कापड, पत्र्याखाली घालायचे जाड पुठ्ठे, सगळं त्याचंच. मामा कोरडीच दोरी करवतीनं कापायचे, पुठ्ठे हातानं फाडायचे.

"खाणीतून दगड निघतो, भाचेसाहेब, अन् त्या दगडाला पिंजलं की कापूस. कसा म्हणताय! रेशमावाणी. वर पत्र्याला भोकं होती, त्यातून दुपारचं ऊन सळयांवाणी खाली उतरायचं. मी दोरी कापायला बसलो की त्या उन्हात तो उडायचा. खाली बसायचाच न्हाई. तरंगायचा. मला वाटायचं, आपण पाण्याच्या तळाशी बसलोय अन् वर चांदणं हाये."

जेवण झालं की त्याच कापडाच्या ढिगावर ते अर्धा तास झोपत. ऊबदार असे, टोचत नसे. त्यांची सगळ्यात चांगली स्वप्नं तिथली, असं ते सांगत.

संध्याकाळी साडेपाचला ते घरी येत, मोरीपाशी कामाचे कपडे काढत आणि पंचा गुंडाळून आत जात. मग त्यांच्या पत्नी गयामामी बाहेर येत. सदरा दोन्ही खांद्यांना धरून त्या तीन वेळा जोरात झटकत, तशीच पँट, आणि मग बादलीत भिजवत. मावळतीचं ऊन मागून येई आणि मामींच्या भोवती एक पांढुरकी, चमकणारी धूळ थोडा वेळ तशीच उभी राही. त्या वेळी मी गच्चीच्या पायरीवर असायचो. मामा निवृत्त झाले तोवर, म्हणजे बारा वर्षं, मी हे पाहिलं. मला ते बघायला आवडायचं, हे आज लिहिताना जड जातं. पायरीपासून मोरीचं अंतर आठ फूट आहे. हेही लिहून ठेवतो.

निवृत्तीनंतर सातव्या वर्षी मामांना जिना चढताना दम लागू लागला. उजव्या बाजूला छातीत पाणी निघालं. ते काढलं, क्षयाचं औषध सुरू केलं. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी तोच विचार येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. मामांनी सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. पाणी पुन्हा भरलं. मग त्यांना संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं दुर्बीण घालून छातीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढला, तो तपासायला गेला, आणि तीन आठवड्यांनी नाव मिळालं. मेसोथेलिओमा. फुप्फुसावर जे पातळ अस्तर असतं, त्याचा कर्करोग.

मी तेव्हा बरोबर होतो, मामी पिशवी धरून मागं दाराशी उभ्या होत्या. डॉक्टर फरहीन म्हणून एक तरुण बाई होत्या. मराठवाड्यात हा आजार कुणाला, कशामुळे, किती वर्षांनी होतो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांनी भिंतीवरचं चित्र दाखवून सगळं समजावलं. या दगडाच्या कापसाचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, श्वासातून आत जातात, अस्तरापर्यंत पोचतात. शरीरातल्या राखण करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला धावतात. पण तंतू लांब, पेशी लहान. गिळताही येत नाही, सोडताही येत नाही. तिथली जागा वर्षानुवर्षं धुमसत राहते, आणि तीस-चाळीस वर्षांनी कधीतरी एखादी पेशी बिघडते. ज्यांनी काम केलं त्यांनाच नाही, त्यांच्या घरच्यांनाही होऊ शकतो. कपड्यांवरून धूळ घरी येते.

मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे डॉक्टरबाई, आतली माणसं तीस वर्षं ड्यूटीवर. सुट्टी न्हाई, बदली न्हाई."

"हो, बाबा. तसंच."

"मंग बिघडतीलच. भट्टी बी बिघडती." मग त्यांनी विचारलं, "जळत न्हाई म्हणून तर त्याला वापरत होतो. माझ्या आत बी जळणार न्हाई का तो?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही."

दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध सुरू झालं. त्यांना चार डोस झेपले. या औषधानं आजार थोडा मागं सरतो, वेळ मिळतो, बरा होत नाही, हे डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शरीराच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांना जागं करणारी नवी औषधंही निघाली आहेत. पण कुणावर कोणतं चालेल ते आधी कळत नाही. म्हणून त्या मामांच्या छातीतून काढलेलं पाणी फेकू न देता प्रयोगशाळेत न्यायच्या. त्यातल्या बिघडलेल्या पेशी काचेच्या चपट्या बाटलीत वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधं करून पाहायची. परवानगी मागताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "बाबा, याचा फायदा तुम्हाला होणार नाही. पुढच्या कुणाला तरी होईल."

"घ्या. हंडाभर घ्या. किती अंशावर ठेवता?"

"सदतीस."

"बराबर हाये."

त्यानंतर काही दिवस भिंतीपाशी एकच स्वप्न येऊ लागलं. मामा एका काचेच्या घरात होते. आत लालसर कोमट पाणी होतं. ते तरंगत होते आणि दम लागत नव्हता. "अन् भाचेसाहेब, मी एक न्हाई, लई होतो. एकमेकांना धक्का न लावता गोळीगोळीनं बसलेलो. कुणी बोलून न्हाई राह्यलं." ते हे अगदी समाधानानं सांगत. मी मात्र ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी दाणे दोनदा मोजले.

मग फॉर्म आला. बेचाळीस प्रश्न होते. कुठं काम केलं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, दिवसाचे किती तास, तोंडाला फडकं बांधायचात का. डॉक्टरबाई पंधरा दिवसांनी रविवारी जालन्यात येऊन स्वतः नेणार होत्या. याच कामासाठी त्या आणखी काही घरांत जाणार होत्या. लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मामांना मोठा आनंद झाला. एकोणतीस वर्षांच्या नोकरीतली एकेक भट्टी त्यांना आठवत होती. कोणत्या दिवाळीत कोणतं दार बदललं, दोरी किती जाडीची होती, सगळं. मी त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो, मामा कॉटवर, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गयामामी मेथी निवडत होत्या.

"तिसावा. जेवण कुठं करायचात?"

"भट्टीपाशीच. अन् झोपायचो बी तिथंच, हे बी लिहा."

"एकतिसावा. कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

"मीच," मामा म्हणाले.

माझं पेन थांबलं. "मामा..."

"मीच धूत होतो. लिहा, भाचेसाहेब."

मामींनी मान वर केली नाही. मेथीची पानं खुडल्याचा बारीक आवाज चालूच होता. मी लिहिलं, 'स्वतः'. उरलेले अकरा प्रश्न कसे लिहिले ते मला आठवत नाही.

मामी भाजी धुवायला मागच्या नळावर गेल्या, तेव्हा मी हळू आवाजात म्हणालो, "मामा, ते खोटं आहे."

"हौ."

"त्यांना नेमकं तेच शोधायचंय. किती घरांत बायकांनी कपडे झटकले, पुढं त्यांचं काय झालं. तुम्ही असं लिहिलंत तर एक घर चुकीच्या रकान्यात जाईल."

"जाऊ द्या." त्यांना दम लागला होता. तो उतरेपर्यंत त्यांनी हात वर धरून मला थांबवलं. "मी माझी छाती दिली. पाणी दिलं, तुकडा दिला. मेल्यावर काय लागंल ते घ्या म्हणलं. तिची देणार न्हाई."

"पण वेळेवर कळलं तर..."

"मी इचारलं बाईला. आधी समजलं तर थांबवता येतं का? म्हणल्या, न्हाई, नजर ठेवता येते. मंग नजर ठेवून काय व्हतंय? ती रोज उठून छाती चाचपत बसंल. शिंक आली तरी दचकंल. मी करून राह्यलो ना ते, मला माहीत हाये. ती आज बिनघोर झोपते, भाचेसाहेब. तेवढं राहू द्या तिला."

  एखाद्या ट्रेमधले चार दाणे मोजायचे राहिले तर मी अख्खी चाचणी पुन्हा लावलेली आहे. पण तो फॉर्म सुवाच्य उतरवून काढायला म्हणून मी घरी आणला आणि अकरा दिवस कपाटात ठेवला. एकतिसाव्या प्रश्नासकट उतरवला. मामींशी बोलावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा त्या भिंतीपलीकडं वाळवणावरून हात फिरवत काहीतरी गुणगुणत होत्या, आणि मी आत आलो.

रविवारी डॉक्टरबाई आल्या. स्टूलवर बसून एकेक पान वाचू लागल्या. मामा कॉटवर उशीला टेकून बसले होते. मामींनी चहा दिला आणि पदराला हात पुसत तिथंच उभ्या राहिल्या. एकतिसाव्या प्रश्नाशी डॉक्टरबाई थांबल्या.

"बाबा, कपडे तुम्ही स्वतः धूत होता? एवढ्या घरांत फिरले, असा पुरुष पहिलाच भेटला."

"मंग इनाम द्या," मामा म्हणाले, हसले आणि खोकू लागले.

मामींनी त्यांचा खोकला थांबू दिला. मग रोजच्या टोमणा मारायच्या आवाजात म्हणाल्या, "यांना सदऱ्याचं बटन लावता येत न्हाई, डॉक्टरबाई. कपडे मी धूत होते. एकोणतीस वर्षं. आधी झटकायचे, मंग भिजवायचे."

"गया, तू आत जा."

"कामून जाऊ? दवाखान्यात बाईनं चित्रावर दाखवलं, घरच्या बाईला बी लागतं म्हणून. मी तुमच्या मागंच उभी होते. मला काय कान न्हाईत?"

मामा मामींकडं वळले. "मंग त्या दिवशी गप का बसली? मेथी निवडून राह्यली होती की."

"म्हणलं, एवढं आजारी माणूस माझ्यासाठी खोटं बोलून राह्यलं. बोलू द्यावं." मामींनी रिकामा कप त्यांच्या हातातून घेतला. "पण ही लेक एवढ्या लांबून तोच सवाल घेऊन दारोदार फिरून राह्यली. तिला खोटं बांधून देऊ का वाटंला लावताना?"

 डॉक्टरबाई पानाकडं बघत होत्या, मी जमिनीकडं. मामा म्हणाले, "भाचेसाहेब, खोडा ते."

"खोडता येत नाही, मामा. आमच्याकडं चुकीची नोंद पुसत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर लिहायचं आणि ज्यानं बदललं त्यानं सही करायची."

"मंग इकडं द्या."

मी डॉक्टरबाईंकडून फॉर्म घेऊन पेनासकट त्यांना दिला. 'स्वतः'वर मामांनी फार सावकाश रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'बायको'. थोडा विचार करून पुढं लिहिलं, 'गयाबाई'. सही केली. मग त्यांनी पेन मला परत दिलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मामी त्यांच्या पायांवर चादर ओढत म्हणाल्या, "रुसले आता."

त्यानंतर तेरा दिवसांनी मामींच्या छातीचा सिटी स्कॅन ठरला. मामा येणार म्हणून हटून बसले. आम्ही तिघं बसनं गेलो. त्यानंतर सत्तेचाळीस दिवस मामा होते, पण घरातून पुन्हा बाहेर पडले नाहीत, आणि पुढचे दिवस मी त्यांना बहुतेक झोपलेलंच पाहिलं. मामींच्या फुप्फुसाच्या अस्तरावर दोन जागी जाड खुणा निघाल्या. तो आजार नाही. तंतू आत गेले होते, एवढंच त्यातून कळतं. त्या दर वर्षी जाऊन दाखवून येतात. नीट झोपतात की नाही, ते मी विचारलेलं नाही. काचेच्या बाटलीतल्या मामांच्या पेशी अजून वाढतायत, असं डॉक्टरबाई मागच्या वेळी म्हणाल्या.

पण मला मामा दिसतात ते त्या दवाखान्यातल्या बाकावर. तपासणीच्या खोलीबाहेर लांब व्हरांडा होता, पश्चिमेला खिडकी, दुपार उतरत आलेली. गळ्यातलं काढा असं नर्सनं सांगितल्यावर मामींनी पोत काढून मामांच्या हातात दिली होती आणि दार बंद झालं होतं. मामा पोत मुठीत धरून, भिंतीला डोकं टेकून बसले होते. अंगावर ऊन होतं. डोळे मिटलेले. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

"मामा, स्वप्न पडून राह्यलं का?"

"न्हाई. जागा हाये. ऐकून राह्यलो."

आतून माइकवरचा आवाज आला, दारामुळं थोडा दबलेला. "श्वास घ्या, मावशी. आता रोखा."

शेजारी मामांनी तोंड उघडून श्वास घेतला, जेवढा आत जाईल तेवढा, आणि रोखला. त्यांची मान ताठ झाली, ओठ निळसर पडले. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तर त्यांनी मुठीनंच तो बाजूला केला. मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. आत यंत्राची घरघर चालू होती. सात, आठ.

"सोडा," आतला आवाज म्हणाला.

मामांनी श्वास सोडला.